क्लासिकल क्रॉस-कंट्री स्कीइंग: सोलापूरच्या फरशीपासून गुलमर्गच्या बर्फापर्यंत

गुलमर्गच्या पहिल्या खेपेला माझ्याकडे बर्फावरचे सात दिवस होते. त्यातले तीन एका पायावर तोल सांभाळायला शिकण्यात गेले. चौथ्या दिवशी दुपारी पहिल्यांदा पायाखालची स्की आपणहून दोन हात पुढे सरकली, आणि तेव्हाच लक्षात आलं की हे तीन दिवसांचं काम मी घरच्या फरशीवर करून येऊ शकलो असतो. रेल्वे, विमान, खोली, भाड्याचं सामान असा सगळा खर्च जोडला की बर्फावरचा एक दिवस केवढ्याला पडतो ते कळतं. म्हणून हे लिहितो आहे. ज्यांनी बर्फ अजून पाहिलेला नाही, पण हा खेळ शिकायची ओढ आहे, अशांनी इथूनच काय तयारी करून निघावं आणि तिथे पोहोचल्यावर कोणत्या क्रमानं शिकावं, एवढंच यात आहे.

आधी खेळ ओळखून घ्या

स्कीइंग म्हटलं की उंच डोंगरावरून वेगानं खाली येणारी माणसं आठवतात. ते अल्पाइन स्कीइंग. त्यात बूट कडक असतो, टाच स्कीला जखडलेली असते आणि वर जायला गंडोला (दोरावरून जाणारी पेटी) किंवा लिफ्ट लागते. क्रॉस-कंट्रीत बुटाचं फक्त पुढचं टोक स्कीला अडकवतात, टाच मोकळी राहते. सपाटीवर, चढावर, उतारावर सगळीकडे स्वतःच्या ताकदीनं जायचं. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये लोक शतकानुशतकं हिवाळ्यात असंच एका गावाहून दुसऱ्या गावाला जात आले. स्वीडनमधली वासालोपेत ही सेलेन ते मोरा अशी 90 किलोमीटरची शर्यत 1922 पासून सुरू आहे, आणि ती क्लासिकल पद्धतीचीच आहे.

‘क्लासिकल’ हे नाव मात्र नंतरचं. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या बिल कोकनं बर्फावर स्केटिंगसारखा पाय बाजूला ढकलून जाण्याची पद्धत शर्यतीत वापरली आणि ती झपाट्यानं पसरली. ती जास्त वेगवान होती. मग जुनी पद्धत टिकावी म्हणून दोन्हींच्या शर्यती वेगळ्या केल्या गेल्या. 1988च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये क्लासिकल आणि फ्री (म्हणजे स्केटिंगची पद्धतही चालते अशा) वेगवेगळ्या शर्यती पहिल्यांदा झाल्या. आपल्याकडच्या नदीम इक्बालनं 2014 मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 15 किलोमीटर क्लासिकल शर्यतीतच भारताचं प्रतिनिधित्व केलं होतं.

नवख्यानं क्लासिकलपासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. कारण तिचा पाया चालणं हा आहे. उजवा पाय पुढे तेव्हा डावा हात पुढे. कोजागरीला सोलापुराहून तुळजापूरला पायी जाणाऱ्याला ही लय नव्यानं शिकवावी लागत नाही.

स्कीच्या पोटातली कमान

हा भाग नीट वाचा. बाकी सगळं यावर उभं आहे.

क्लासिकल स्की जमिनीवर ठेवली तर ती सपाट टेकत नाही. पुढचं आणि मागचं टोक टेकतं, मधला भाग कमानीसारखा वर राहतो. ही कमान मुद्दाम दिलेली असते. पुढचा आणि मागचा भाग घसरण्यासाठी गुळगुळीत असतो. मधल्या भागाच्या तळाला, पावलाखाली आणि थोडं पुढे, बर्फ पकडणारं काहीतरी असतं: चिकट मेण, किंवा माशाच्या खवल्यांसारखी नक्षी, किंवा केसाळ पट्टी. केस मागे झुकलेले असल्यामुळे ती पुढे सरकू देते, मागे नाही.

दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहिलं की प्रत्येक स्कीवर अर्धंच वजन येतं, कमान पूर्ण दबत नाही आणि स्की घसरते. सगळं वजन एका पायावर घेऊन खाली दाबलं की कमान सपाट होते, मधला भाग बर्फाला भिडतो आणि स्की पकड घेते. त्या पकडीवर रेटा देऊन (यालाच किक म्हणतात) दुसऱ्या स्कीवर जायचं, तिच्यावर घसरायचं, मग तिला दाबायचं. संपूर्ण क्लासिकल तंत्र म्हणजे हीच अदलाबदल.

नवख्याचं गाडं इथेच अडतं. पडण्याच्या भीतीनं तो वजन दोन्ही पायांत वाटून ठेवतो. मग कमान दबत नाही, पकड मिळत नाही, पाय मागे निसटतो, आणि तो आणखी घाबरून आणखी मधोमध उभा राहतो. त्याला वाटतं स्की खराब आहे. मलाही तीन दिवस तसंच वाटत होतं.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच काठी, पेलणाऱ्याकडे नीट पाहा. काठी कलली तर तो नुसत्या हातांनी ओढून ती सरळ करू पाहत नाही. पावलं सरकवून, कंबर नेऊन, स्वतःच काठीच्या खाली जातो. स्कीवर हेच करायचं असतं. ज्या स्कीवर घसरायचं तिच्या बरोबर वर सगळं अंग न्यायचं: नाक, गुडघा आणि पायाचा अंगठा एका उभ्या रेषेत. नंदीध्वजाचा मानकरी यात्रेच्या आधी दिवसेंदिवस सराव करतो, तसाच तुम्हीही निघण्याआधी सहा आठवडे करा.

सोलापुरातले सहा आठवडे

पहिले दोन आठवडे फक्त तोल. रोज दात घासताना एका पायावर उभे राहा, अर्धी वेळ उजव्या, अर्धी डाव्या. गुडघा किंचित वाकलेला, घोटाही वाकलेला. घोट्यातून वाकणं ही वेगळी शिकायची गोष्ट आहे. आपण सहसा कमरेतून वाकतो, मग पार्श्वभाग मागे जातो आणि वजन टाचेवर येतं. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहा, अंग फळीसारखं ताठ ठेवून फक्त घोट्यातून पुढे झुका आणि भिंतीला हात टेकून थांबा. पुढे पडायला लागलो आहोत असं जे वाटतं, तीच स्कीवरची योग्य जागा.

तिसऱ्या आठवड्यात फरशी. गुळगुळीत कोटा किंवा घोटलेली शहाबादी असेल तर उत्तम. एका पायाखाली जुन्या चादरीचा घडी केलेला तुकडा ठेवा, दुसरा पाय अनवाणी. अनवाणी पायानं रेटा द्या आणि चादरीवरच्या पायावर पूर्ण वजन घेऊन सरका. दीड-दोन फूट सरकून थांबेपर्यंत मागचा पाय खाली टेकवायचा नाही. तो टेकला तर समजा, वजन पूर्ण गेलं नव्हतं. प्रत्येक पायानं वीस वेळा. भिंत हाताच्या अंतरावर असू द्या, फरशी ओली नको, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या वाटेत तो तुकडा पडून राहू देऊ नका.

त्याच सुमारास काठ्या घेऊन चालायला लागा. बांबूच्या दोन काठ्या चालतील, उंची काखेच्या जरा खाली. सोलापूर सपाट, त्यामुळे चढासाठी गावाबाहेर जावं लागतं. मी महिन्यातून दोनदा पहाटे तुळजापूरच्या घाटाला जातो. चढावर लांब ढांगा टाकायच्या, काठी टेकताना तिचं टोक पुढच्या पावलाच्या फार पुढे जाऊ द्यायचं नाही, आणि हात मांडीला घासून मागे गेला पाहिजे. यात्रेचे दिवस टाळा. रस्त्याच्या कडेनं, समोरून येणारं वाहन दिसेल अशा बाजूनं चाला. नॉर्वेचे खेळाडू उन्हाळ्यात डोंगरावर नेमका हाच व्यायाम करतात.

पोटाचे स्नायू विसरू नका. डबल पोलिंगमध्ये, म्हणजे दोन्ही पोल (स्कीच्या काठ्या) एकदम टेकून पुढे जाण्यात, हातांपेक्षा पोट जास्त काम करतं. खिडकीच्या गजाला डोक्याच्या वर रबरी पट्टा बांधून दोन्ही हातांनी खाली ओढण्याचा व्यायाम करा, पण आधी पोट आवळून अंग पुढे पाडायचं, मग हात. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांना हे सोपं जातं.

रोलर स्की, म्हणजे रस्त्यावर सरावासाठीची चाकांची स्की, मिळाली तर घ्या, पण घाई नको. क्लासिकल रोलर स्कीच्या एका चाकात उलटं फिरू न देणारी कळ असते, त्यामुळे मागे रेटा देता येतो. तिच्यात एक धोका आहे. चाक कधीच निसटत नसल्यामुळे वजन नीट न देताही पकड मिळते, किक उशिरा दिली तरी चालते. बर्फावर तीच सवय नडते. म्हणून फरशीचा सराव पक्का झाल्यावरच रोलर स्कीवर या. आणि बहुतेक रोलर स्कींना ब्रेक नसतो, हे लक्षात ठेवा. वाहतूक नसलेला, गुळगुळीत, उतार नसलेला डांबरी रस्ता शोधा. परवानगी लागत असेल तर ती घ्या. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याचं संरक्षण याला पर्याय नाही. पोलना बर्फाच्या चकत्यांऐवजी कठीण धातूची टोकं लागतात. मार्चनंतर सकाळी साडेसातच्या आत उरका. त्यानंतरचं सोलापूरचं ऊन शिकू देत नाही.

सामान: भाड्यानं घ्या, पण पाहून घ्या

आपल्याकडचे बहुतेक स्की कोर्स अल्पाइनचे असतात. पैसे भरण्याआधी ‘क्रॉस-कंट्री’ किंवा ‘नॉर्डिक’ हा शब्द उच्चारून विचारा, आणि त्याच प्रकारचे बूट व स्की भाड्यानं मिळतील ना हे पक्कं करा. मी एकदा हे न विचारता पैसे भरले आणि हाती जड अल्पाइन बूट आले.

स्कीची लांबी ढोबळमानानं तुमच्या उंचीपेक्षा 20 ते 25 सेंटिमीटर जास्त. पण खरं माप वजनाचं. त्यासाठी कागदाची चाचणी करा. सपाट फरशीवर दोन्ही स्कींवर सारखा भार देऊन उभे राहा आणि सोबत्याला पावलाखालून कागद सरकवायला सांगा. तो मोकळा सरकला पाहिजे. आता सगळं वजन एका पायावर घ्या. त्या स्कीखालचा कागद अडकला पाहिजे. दोन्ही वेळा मोकळा राहिला तर स्की तुमच्यासाठी कडक आहे, पकड मिळणार नाही. दोन्ही वेळा अडकला तर मऊ आहे, घसरणार नाही. दुकानदार कितीही घाईत असला तरी ही दोन मिनिटं सोडू नका.

पोलची लांबी उंचीच्या साधारण 83 टक्के. उंची 170 सेंटिमीटर असेल तर 140च्या आसपास. बूट आणि बाइंडिंग (स्कीवरची बूट अडकवायची पकड) एकाच पद्धतीचे असावे लागतात, नाहीतर बूट अडकतच नाही. खवल्यांची किंवा केसाळ पट्टीची स्की मागा. मेणाची स्की अनुभव आल्यावर. मेणाचं गणित थोडक्यात असं: थंड, कोरड्या बर्फाला निळं, शून्य अंशाच्या आसपास जांभळं, ओलसर बर्फाला लाल. पातळ थर लावायचे आणि प्रत्येक थर बुचानं घासायचा.

कपड्यांबाबत आपल्या सुताच्या गावाला जड जाणारी गोष्ट सांगतो. अंगालगत सुती काही घालू नका. सूत घाम धरून ठेवतं आणि ओलं सूत अंगातली ऊब काढून घेतं. आत घाम बाहेर टाकणारा कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा थर, वर वारा अडवणारं जॅकेट. या खेळात घाम भरपूर येतो, म्हणून निघताना किंचित थंडी वाजेल एवढेच कपडे असावेत. सोलापुरी चादर मात्र रात्री खोलीवर पांघरायला बरोबर न्या. काळा चष्मा आणि सनस्क्रीन आवश्यक, बर्फावरून परतलेलं ऊन डोळ्यांना आणि हनुवटीखाली भाजतं.

पोहोचल्यावर

सोलापुराहून कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून विमानानं श्रीनगर, पुढे टंगमर्गमार्गे सुमारे 50 किलोमीटरवर गुलमर्ग. जानेवारी-फेब्रुवारी हा भरवशाचा काळ. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा करून निघालात तरी वेळेत पोहोचता. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, गुलमर्ग साधारण 2650 मीटरवर. पहिला दिवस फक्त चाला, पाणी प्या, झोपा. डोकं दुखत राहिलं, मळमळलं तर दुसऱ्या दिवशीही स्की नको, आणि वाढलं तर खाली उतरून डॉक्टरांना दाखवा. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बरोबर ठेवा. तासाभराच्या सरावानंतर लागणाऱ्या भुकेला तिच्यासारखं टिकाऊ काही नाही.

गोल्फ मैदान हिवाळ्यात बर्फाखाली असतं आणि त्याचे सौम्य चढउतार नवख्याला योग्य आहेत. यंत्रानं पाडलेल्या दोन समांतर खाचा मिळाल्या तर भाग्यच. नसल्या तर एकाच रेषेत पाच-सहा वेळा ये-जा करून स्वतःची वाट पाडा. शंभर मीटर पुरतात.

पहिला तास पोलला हात लावू नका. स्की घालून नुसतं चाला. मग एक स्की काढा. बुटाच्या पायानं रेटा देत दुसऱ्या स्कीवर सरका, लहान मुलं एका पायानं स्कूटर ढकलतात तसं. घरी चादरीच्या तुकड्यावर केलेलं ते हेच. वीस वेळा एका पायावर, वीस वेळा दुसऱ्यावर. मग दोन्ही स्की घालून, हात मोकळे झुलवत, चालण्याचं हळूहळू सरकणं होऊ द्या.

पडणार हे नक्की, म्हणून पडायलाही शिका. तोल गेलाच तर बाजूला आणि जरा मागे बसा, हात पुढे टेकू नका. उठताना दोन्ही स्की समांतर करा, उतार असेल तर स्की अंगाच्या खालच्या बाजूला आणि उताराला आडव्या असाव्यात. आधी गुडघ्यांवर या, मग एक पाय टेकून उठा.

डायगोनल स्ट्राइड

आता मुख्य चाल, चालण्यासारखी: उजवा पाय, डावा हात. तिच्यात सगळ्यात महत्त्वाचा क्षण म्हणजे दोन्ही पावलं एकमेकांजवळून जातात तो. किक तिथेच द्यायची. मागचा पाय पुढे येत असतो, उभा पाय क्षणभर खाली दाबला जातो, स्की त्या पळात जागच्या जागी थांबते आणि पकड घेते. दिशा खाली, मागे नाही. खाली नीट दाबलंत की पाय आपोआप मागे जातो. पाय मागे गेल्यावर किक दिली तर कमान आधीच सुटलेली असते आणि स्की ‘सर्र’ करत निसटते. तो आवाज आला की समजायचं, किक उशिरा झाली.

किक झटक्यात, घसरणं निवांत. नवखे उलट करतात: किक लांबवतात आणि घाबरून लगेच पाय बदलतात. एका स्कीवर मनात ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत राहा. नजर पायाकडे नको, दहा-पंधरा मीटर पुढे.

हे जमलं की पोल. पोलच्या पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची, म्हणजे रेटा पट्ट्यावर येतो आणि मूठ सैल ठेवता येते. पोल टेकताना मूठ हनुवटीच्या उंचीला, कोपर किंचित वाकलेलं, पोलचं टोक मागे झुकलेलं, बुटाच्या आसपास. हात मांडीजवळून मागे जाताना बोटं उघडतात. पोल घट्ट आवळून धरला तर खांदे आखडतात आणि लय तुटते. लय तुटली की पोल मध्यभागी धरून, न टेकवता, पन्नास मीटर नुसते हात झुलवत जा. ती परत येते.

बाकीच्या चाली

डबल पोलिंग सपाटीवर आणि हलक्या उतारावर. दोन्ही पाय जवळ, अंग घोट्यातून पुढे, टाचा किंचित उचललेल्या, दोन्ही पोल एकदम टेकून पोटानं अंग खाली पाडायचं. हात गुडघ्यांपर्यंत आले की रेट्याचं काम झालेलं असतं. त्यातच दर खेपेला एक किक मिसळली की मधल्या चढासाठी तिसरी चाल तयार होते, पण ती पहिल्या आठवड्यात नाही जमली तरी चालेल.

चढ तीव्र झाला आणि पकड सुटायला लागली की टोकं बाहेर, टाचा जवळ, असा इंग्रजी व्ही करा आणि आतल्या कडांवर वजन देत पावलं टाका. मागे माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटते. त्याहून तीव्र असेल तर उताराला आडवे राहून बाजूनं एकेक पाऊल चढा.

उतारावर क्रॉस-कंट्री स्की अल्पाइनपेक्षा कमी ऐकते: टाच मोकळी, स्की अरुंद आणि बहुतेकदा धातूची कड नसलेली. म्हणून ज्याचा शेवट सपाटीत होतो असाच उतार निवडा. गुडघे वाकवा, हात पुढे, वजन पूर्ण पावलावर. वेग कमी करायला टाचा बाहेर ढकलून टोकं जवळ आणा आणि आतल्या कडा बर्फात दाबा. खाचेत असाल तर एकच पाय बाहेर काढून त्यानं दाबलं तरी पुरतं. वळताना एकेक स्की उचलून नव्या दिशेला ठेवत जा. वेग आवाक्याबाहेर जातो आहे असं वाटलं तर लगेच बाजूला बसा, वाट पाहू नका.

तिसऱ्या दिवसापासून रोज एकदा सोबत्याला बाजूनं मोबाइलवर तुमचा व्हिडिओ काढायला सांगा, वीस सेकंद पुरेत. संध्याकाळी तो सावकाश चालवून एकच गोष्ट पाहा: किक देताना दोन्ही पावलं एकमेकांशेजारी आहेत का. नसतील तर दुसऱ्या दिवसाचा पहिला अर्धा तास पोल बाजूला ठेवून पुन्हा एका स्कीवर.